पावण्यांच्या विटा

शहाणपणा करायची माझी हौस जुनीच. पण तो एकदा असा अंगाशी आला, की आजही वीट दिसली तरी कान गरम होतात! ऐका तर.

देशाला स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, आणि माझ्या लग्नाला एक. कोल्हापुरात आमच्या घरामागच्या परड्यात चंद्री म्हैस. तिनं अंग घासून घासून मधली मातीची भिंत पार आडवी केली आणि शेजारच्या हौसाक्काची मेथी फस्त केली. हौसाक्कानं जी तोंडाची तोफ सोडली, ती रंकाळ्यापर्यंत ऐकू गेली असेल!

इकडं शुक्रवारी कोडोलीला माझ्या माहेरची जत्रा. वर्षभर दिवस मोजत होते मी. पण आत्तींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, सांगून टाकलं, "भिंत उभी हुईपातूर म्हशीजवळनं हालायचं न्हाय."

दादू गवंडी म्हणाला, "किती विटा लागत्यात ते बगाय बुधवारी येतो."

बुधवारी? मग भट्टीवरनं विटा कधी यायच्या नि भिंत कधी व्हायची? माझ्या तोंडातनं निसटलंच, "मी सांगते की! सुगीला वीस माणसांच्या भाकरी बिनचूक थापते. विटा म्हंजे काय मोठं?"

आत्ती हसल्या. "आणि चुकलं तर?"

"एक जरी वीट कमी पडली न्हायतर उरली, तर जत्रंला जायाची न्हाय!"

बघा, कुणी विचारलं होतं का? पण जिभेला हाड नसतं.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. आमचा हिशेब विसांचा. एक जुनी वीट घेतली, भिंतीच्या जागी जमिनीवर उलटत उलटत गेले. एका ओळीला दोन विसा, म्हणजे चाळीस विटा. ओळी बारा. एका विसाला एक चिंचोका, म्हणजे ओळीला दोन चिंचोके. इथवर सगळं बरोबर, हं!

पण हात भाकरीचा ना! आमच्या घरात ऐन जेवणाच्या वेळी शिरोळकडचे कुणी ना कुणी पावणे टपकायचेच. त्यामुळं पावण्यांच्या म्हणून दहा भाकरी जास्त टाकायची सवय. प्रत्येक ओळीला माझ्या हातानं आपोआप अर्धा चिंचोका वर टाकला. आता सांगा, भिंतीकडं कोण पावणा जेवायला येणार होता?

सहाशे विटा आल्या. दादूनं दोन दिवसांत बारा ओळी चढवल्या, हात झटकले, आणि कोपऱ्यातला ढीग बघून म्हणाला, "वैनी, ह्या कुणाच्या?"

पावण्यांच्या, असं कसं सांगू? आत्ती देवळात गेल्या होत्या, तेवढ्यात मी म्हटलं, "दादूबा, आणि तीन ओळी चढवा."

"कशापाय?"

"म्हशीला वारं लागतंय."

"म्हशीला? वारं?" त्यानं एकदा चंद्रीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. पण चढवल्या बिचाऱ्यानं.

आत्ती आल्या. परडं धुंडाळलं. एक वीट कमी नाही, एक उरलेली नाही! "शाणी हाय गं," म्हणाल्या. मी रात्रीच गाठोडं बांधलं.

शुक्रवारी सकाळी आत्ती धार काढायला बसल्या. चंद्रीनं पान्हा चोरला. पेंड घातली, पाठ थोपटली, मी जाऊन बसले, हात जोडले. थेंब नाही! उलट लाथ मारून चरवी उडवली. आणि मान वर करून जी हंबरायला लागली! भिंतीपलीकडनं हौसाक्काची म्हैस उत्तर देतेय.

दादू थापी न्यायला आला होता. तो म्हणाला, "आत्ती, तिची मैतरीण दिसंना की! बारा ओळींवरनं दिसली असती. पर वैनी म्हणाल्या, उरलेल्या बी चढवा..."

मेल्यानं नेमकं तिथंच तोंड उघडलं! आत्तींनी माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं.

"तीन ओळी उतरीव," त्या म्हणाल्या.

"मी न्हाय बा. जत्रंला चाललोय," म्हणत दादू सटकला.

मग काय! पदर खोचला आणि घेतल्या मीच उतरवायला. विटांमधला मातीचा गारा अजून ओला, हात कोपरापर्यंत बरबटलेले. एवढ्यात लाल फेटा बांधून माझा दादा गाडी घेऊन दारात. "बांधतीयास का पाडतीयास गं?"

मी म्हटलं, "दादा, मी शब्द दिलता. न्हाय येत."

मनात मात्र वाटत होतं, आत्ती आता म्हणतील, जा पोरी. हसण्यावारी नेतील. आत्ती खरंच आत गेल्या आणि नवं लुगडं नेसून बाहेर आल्या!

"एवढ्या लांबनं आलेली गाडी रिकामी कशाला धाडायची?" म्हणाल्या, आणि बसल्या की गाडीत!

तिसऱ्या दिवशी परतल्या. चेहरा नुसता तुकतुकीत. "तुजी आय लई मायाळू गं. सारखी इचारत हुती, लेक का न्हाय आली म्हणून."

मी घाबरतच विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंसा?"

"सांगितलं की, पोर हिशेबाला लई पक्की. तिच्याबिगर आमची भिंत उभीच ऱ्हात न्हाय!"