अंधाराचा बंदोबस्त

आता कोणत्या तोंडाने सांगू तुम्हाला! आधी चहा घ्या, मग हसा. हसणार तर आहातच.

माझी भाची केतकी सिनेमे करते. गाणी-मारामारीवाले नव्हेत हो! कॅमेरा स्वतःचा, सुट्टी स्वतःची, आणि हिरोईन कोण? तर पेठकडच्या एका पाड्यावरची भागीआजी. पोरगी दोन वर्षं दर शनिवारी एसटीनं पेठला जायची. आणि यंदा तिचा बारा मिनिटांचा सिनेमा आपल्या नाशिकच्या स्वतंत्र चित्रपटांच्या वार्षिक पुरस्कारांत शेवटच्या पाचांत आला! पाचही सिनेमे समारंभातच दाखवायचे आणि पुढच्या रांगेतल्या तीन परीक्षकांनी तिथल्या तिथे निकाल द्यायचा, अशी पद्धत.

"मामा, तू फक्त बघ. बाकी काही करू नकोस," तिनं बजावलं होतं.

पण मी पडलो वीज खात्यातला रिटायर्ड वायरमन! चौतीस वर्षं नाशिक रोडचे खांब चढलोय. कुठल्याही हॉलमध्ये गेलो की माझी खुर्ची ठरलेली, स्विचबोर्डाशेजारची.

केतकीचा सिनेमा सुरू झाला. नाव आलं, टाळ्या पडल्या, आणि पडदा काळाकुट्ट. दहा सेकंद. वीस सेकंद. वर कुठूनतरी घर्रर्र, घर्रर्र असा आवाज!

आता तुम्हीच सांगा, मी काय समजायचं? प्रोजेक्टरचा पंखा अडकला! आता जळणार, तेही नेमकं भाचीच्या वेळेला! आणि अख्खा हॉल ढिम्म. म्हटलं, एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत एकालाही कळू नये? उठलो. प्रोजेक्टर बंद, सगळे दिवे चालू, आणि निवेदिकेच्या हातातला माइक घेऊन ठोकून दिलं, "मंडळी, घाबरू नका! मशीन वाचवलंय! दुरुस्ती होईस्तोवर चहा घेऊन या!"

चहा म्हटल्यावर नाशिककर थांबतोय होय? परीक्षकांसकट हॉल रिकामा!

केतकी धावत आली.

"मामा, काय केलंस हे!"

"अगं, थोडक्यात वाचलं. घरघर ऐकली नाहीस?"

"जातं होतं ते! भागीआजीचं जातं! पहाटे अंधारात दळते ती. माझा सिनेमा सुरूच तिथून होतो!"

आणि तिचे डोळे भरले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं हो.

आयोजक म्हणाले, "पुन्हा दाखवायचं नियमात बसत नाही, काका."

तसाच चहाच्या टेबलापाशी गेलो आणि मुख्य परीक्षक बाईंपुढे हात जोडले. "बाई, गाढवपणा माझा आहे. पण पोरीची दोन वर्षं आहेत त्यात."

बाईंनी शांतपणे बिस्किट बुडवून खाल्लं. मग म्हणाल्या, "परत लावा. पण हे गृहस्थ माझ्या शेजारी बसतील. हात मांडीवर ठेवून!"

बसलो. पडदा काळा झाला. हात शिवशिवले, पण मांडीवरच ठेवले. जात्याची घरघर, मग आजीचं गुणगुणणं, लांबवर कोंबडा, आणि हळूहळू दाराच्या फटीतून आत येणारा उजेड. मला माझी आई आठवली. चक्क रडलो मी.

आणि पुरस्कार? केतकीलाच! ती मंचावर गेली, माइक धरला, म्हणाली, "हा पुरस्कार..." आणि हॉलमध्ये गुडुप अंधार!

मी जागचा हललो नाही. एकदा अक्कल आली होती ना! हात मांडीवर, डोळे मिटलेले. मनात म्हटलं, वा रे पठ्ठी, भाषणाची सुरुवातही अंधारातून! मागं कोणी कुजबुजलं, तर मीच "शू!" केलं. शेजारच्या बाईंनाही सांगितलं, "शांतता ऐका बाई, शांतता."

एक मिनिट गेलं. दोन गेली. मग मंचावरून केतकीची हाक आली,

"मामा, आता खरंच फ्यूज उडालाय रे! ऊठ की!"