वहिनीचं वजन

जबलपूरला एका खासगी दवाखान्यात मी अठरा वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टरसाहेब नाडी बघत, चिठ्ठीवर दोन ओळी लिहीत आणि रोगी अंगानं जड असला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "इनको समझा दो." समजावायचं म्हणजे तूप कमी करा, मिठाई सोडा, टांगा सोडून पायी या. सराफ, वकील, ठेकेदार, सगळ्यांना मी हेच सांगितलं आणि सगळ्यांनी मला एकच उत्तर दिलं, "भैया, हम खाते ही क्या हैं?" महिन्याभरानं तेच लोक त्याच टांग्यातून उतरत, मागच्यापेक्षा जास्त धापा टाकत. माझ्या सांगण्यानं कोणी बारीक झालेलं मला आठवत नाही. संध्याकाळी दवाखान्याला कुलूप लावताना बोलण्याचाच शीण आलेला असे.

आणि घरी वहिनी होती.

दादा सिव्हिल लाइन्समधल्या कचेरीत कारकून. आम्ही मूळचे अमरावतीकडचे, इंग्रजी अमलात नोकरीपायी इकडे आलेलो. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आई नुकतीच गेलेली. माझ्या तोंडात घास घालणारी तीच. पुढे माझं लग्न झालं, बायको तिसऱ्याच वर्षी तापानं गेली, आणि मी दादाच्याच घरी राहिलो. तोवर वहिनीला तीन मुलं झाली होती आणि प्रत्येक बाळंतपणानंतर ती आणखी जड होत गेली होती. विहिरीवरून एक घागर आणली की ती उंबऱ्यात बसून राही. चाळिशी ओलांडल्यावर तिच्या पायाला चप्पल लागून जखम झाली, ती दीड महिना भरेना. मला शंका आली. तिची लघवी मी दवाखान्यात नेली आणि निळ्या औषधात उकळली. नळीतला रंग विटेसारखा झाला.

डॉक्टरसाहेब म्हणाले, साखर आहे, वजन उतरवायलाच हवं. या वेळी समजवायला त्यांनी सांगितलं नाही. ते काम माझंच होतं.

आधी मी गोडीनं बोललो. ती "बरं" म्हणाली. मग भीती घातली, पाय कापावा लागतो म्हणालो. ती म्हणाली, "बरं." मग मी चिडायला लागलो. ती काही चघळताना दिसली की म्हणायचो, "वहिनी, काहून खाऊन राहिल्या तुम्ही? मी इतका जीव तोडून सांगतो!" दादाही म्हणे, मुलंही म्हणत. सगळं घर तिच्या घासांवर नजर ठेवून बसलं.

एकदा लाकडं घ्यायला आम्ही टालावर, लाकडाच्या वखारीत गेलो. तिथे मोठा काटा टांगलेला होता. माझ्या डोक्यात आलं, आकडा डोळ्यांनी दिसला तर हिला लाज वाटेल आणि लाजेनं तरी सुधारेल. मी म्हटलं, "वहिनी, बसा पारड्यात." ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. ती पदर सावरून बसली. टालवाल्यानं मापं चढवत नेली, अडीच मणांवर काटा स्थिर झाला. चार गिऱ्हाईकं बघत उभी होती. टालवाला म्हणाला, "भैया, इतने में तो महीने भर की लकड़ी आ जाए!" सगळे हसले.

मीही हसलो.

ती उतरली, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि लाकडाच्या गाडीमागून घरी चालत आली. त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. कोणासमोर काही खाईना. मला वाटलं, उपाय लागू पडला. पण वजन काही कमी झालं नाही.

मग मला हिवताप आला आणि दुपारी घरी पडून राहायची वेळ आली. पाणी प्यायला उठलो तर वहिनी स्वयंपाकघरात दाराकडे पाठ करून चुलीशी उभी होती. मुलांच्या ताटांत राहिलेला भात, दादानं टाकलेली अर्धी पोळी, कढईच्या तळाची खरवड, हे सगळं ती एका पातेल्यात गोळा करून उभ्या उभ्या खात होती. भराभर, जणू कामच उरकत होती. मला पाहून तिनं हात मागे घेतला.

"ताट काहून नाही घेतलं, वहिनी?"

"बसली खायला की कोणी ना कोणी बघते, भाऊजी. मग बोलते." पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, "अन् मला भूक लागते म्हणून मी खात नाही. टाकवत नाही म्हणून खाते. तुमच्या सगळ्यांचं उरलेलं मी पंचवीस वर्षं खाऊन राहिली. तुम्ही टालावर मोजलं ते तेच."

मी तापात होतो. दाराला धरून उभा राहिलो. म्हणालो, "त्या दिवशी चुकलं माझं."

"हसले तुम्हीही," ती म्हणाली. एवढंच.

ताप उतरल्यावर मी घरात सांगितलं की मी सगळ्यांच्या मागून, वहिनीबरोबर जेवणार. दादाला ते रुचलं नाही. "बायका मागूनच जेवतात, त्यात तुझं काय?" पण मी ताट घेऊन बसायला लागलो आणि शेजारी तिचं मांडायला लागलो. ज्वारीची भाकरी, जवळच्या पनागर गावाहून भाजी आलेली असली की ती भरपूर, भात मूठभर. ताटांतलं उरलेलं गाईला घालायचं ठरलं. पहिले आठ दिवस तिला बसून घास गिळवेना. पुढे तिनं एक दिवस आपणहून सांगितलं की तिला आंबाडीची भाजी आवडते. इतक्या वर्षांत मला ते माहीत नव्हतं.

चालायला ती तयार नव्हती. "बाईमाणूस उगाच रस्त्यानं फिरते का?" मग देवळाचं निमित्त काढलं. सकाळी ती, मी आणि कधी पुतणी तळ्याकाठच्या देवळात पायी जायचो. मी वजनाचा विषय काढत नसे. ती बोले. माहेरच्या संत्र्याच्या बागेचं, गेलेल्या भावाचं, कधी नुसतं शेजारणीचं. वर्षभरात पायाची जखम भरली. नळीतला रंग विटकरीचा पिवळा झाला, पिवळ्याचा हिरवट. तिच्या चोळ्या सैल झाल्या, तेव्हा तिनं त्या पुतणीकडून टाचून घेतल्या आणि मला काही सांगितलं नाही.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं.

पुतणीचं लग्न जबलपूरजवळच्या पाटणला झालं. पुढच्या वर्षी ती बाळंतपणाला आली. घरात डिंकाचे लाडू, शिरा, पाहुणे. दवाखान्यात लढाईच्या दिवसांत गर्दी वाढली, मी पहाटेच जाऊ लागलो. देवळात जाणं सुटलं, मग ताटही सुटलं. एका दुपारी घरी आलो तर वहिनी पुन्हा चुलीशी उभी. जेवढं उतरलं होतं त्यातलं अर्ध्याहून जास्त परत आलं होतं, नळीतला रंगही.

आम्ही पुन्हा सुरू केलं. वर्षभर चाललं, दादाच्या आजारपणात मोडलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हा आमच्यात पहिल्यासारखा हुरूप नव्हता. दर वेळी पहिल्या पायरीपासून चढायचं, तेही वय वाढलेलं असताना. एका थंडीत ती देवळाच्या वाटेवर अर्ध्यातच दगडावर बसली.

"पुरे आता, भाऊजी. मी थकली."

मला तिला काही समजवावंसं वाटलं नाही. मीही थकलो होतो. म्हणालो, "थोडं बसू. मग वाटलं तर जाऊ."

आम्ही बराच वेळ बसलो. ऊन अंगावर आलं. मग तीच उठली आणि म्हणाली, "चला, इथवर आलोच आहोत." त्या दिवसापासून आम्ही कधी देवळापर्यंत जायचो, कधी त्या दगडापर्यंतच.

त्यानंतर ती सात वर्षं जगली. एका डोळ्यानं दिसेनासं झालं, पण पाय शेवटपर्यंत शाबूत राहिला. बारीक ती कधीच झाली नाही. न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि तिसऱ्या दिवशी गेली. पुतणी पाटणहून पोचली तेव्हा तिला नेलेलं होतं. संध्याकाळी मी चूल पेटवली आणि पुतणीला ताट मांडून भात वाढला.