कडत्यात गेलेला मण

वेणीमाधव मास्तरांचा राग अख्ख्या सोलापुराला ठाऊक होता. चुकलेलं उत्तर ते एक वेळ माफ करत. पण न मोजता ठोकून दिलेलं उत्तर दिसलं की त्यांच्या हातातला खडू भिंतीवर फुटायचा.

१९३४ सालच्या चैत्रात शहरात विमान आलं. वळसंगच्या वाटेवरच्या माळावर दगड वेचून पट्टी आखली गेली आणि करकंबचे आबासाहेब स्वागत समितीचे अध्यक्ष झाले. पहिल्या फेरीत चौघं बसणार होती. त्यांत मुलींच्या शाळेत पहिली आलेली पद्मजा होती, मास्तरांची एकुलती लेक.

"आधी मोजतो. मग हो की नाही ते सांगतो," मास्तर म्हणाले.

वैमानिक कमलाकर हा पुण्याकडचा तरुण पोरगा. त्याच्याकडून विमानाची पुस्तिका एका दिवसासाठी आणून ते गणिताला बसले. वर चढताना विमान मिनिटाला एक मैल पुढं जातं. तेवढ्यात ते वर किती जातं, एवढाच प्रश्न होता. पुस्तिका म्हणत होती, चारशे नव्वद फूट. पण तो आकडा समुद्रकाठच्या गार हवेतला. सोलापूर दीड हजार फुटांवर, त्यात चैत्राचं ऊन. हवा विरळ, म्हणजे इंजिनाचा जोर कमी आणि पंख्याची पकडही कमी. सगळं वजा जाता दोनशे ऐंशी उरले. पट्टी सुटल्यावर पाव मैलावर चिंचांची रांग होती. तिथवर विमान सत्तर फूट चढणार. मास्तरांनी काठी रोवून सावलीवरून चिंचा मोजल्या: अठ्ठावन्न फूट. बारा फूट शिल्लक. मात्र माणसांचं वजन सात मणांच्या वर जाता कामा नये.

"जा," ते पद्मजाला म्हणाले. त्या आठवड्यात त्या घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही की भांडलं नाही.

फेरीच्या दिवशी हारतुरे आणि भाषणं यांत दुपार झाली. मास्तर गर्दीतून वाट काढत पोचले तेव्हा चौघंही विमानात बसली होती आणि कमलाकर वजनाची चिठ्ठी खिशात घालत होता. बरोबर सात मण.

बाजूला कापूसबाजारातला मोठा काटा लावलेला होता आणि बाजारातला तोलणारा तिप्पण्णा वजनं पोत्यात भरत होता. मास्तरांनी विमानात बसलेल्या धिप्पाड आबासाहेबांकडं पाहिलं. मग काट्याकडं पाहिलं.

"तिप्पण्णा, आबासाहेब किती भरले?"

"दोन मण सोळा शेर री, मास्तर."

"काटा तेवढंच दाखवत होता?"

"काटा पावणेतीन दाखवतो की. कडता सोडला न्हव का! मणामागं पाच शेर. पोत्याचं, कचऱ्याचं, ओलीचं."

"माणसाला कसलं पोतं रे, गाढवा!"

"वीस वर्सं हात तसाच चालतोय री," तिप्पण्णा खाली बघत म्हणाला.

मास्तरांनी उभ्या उभ्या हिशेब मांडला. सात मण नव्हे, आठ! एक अख्खा मण कडत्यात गेला होता. विमान जमीन उशिरा सोडणार, चढणार कमी. ते बारा फूट तर जातीलच, वर दोन-तीन फूट कमीच पडतील. ते धावले आणि थेट पंख्यासमोर जाऊन उभे राहिले.

"एक जण उतरा! वजन खोटं आहे!"

"अवो मास्तर," आबासाहेब वरून हसले, "हे इमान हाय, तुमचा फळा न्हाय. सरका बाजूला."

"तुम्ही उतरा, आबासाहेब. तुमच्या एकट्यानं भागेल."

"अध्यक्षच उतरंल व्हय? लई झालं तुमचं!"

लोक खो खो हसले. दुसरे दोघं आपल्या टोप्या सावरत बसले. आणि पद्मजा उतरली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज तापला होता.

"तुमच्यामुळं, अण्णा. सगळ्या गावासमोर."

"तू नाही! त्यानं उतरायचं होतं!" मास्तर ओरडले. पण लोकांनी त्यांना बाजूला ओढलं होतं आणि विमान धावायला लागलं होतं.

ते चिंचांवरून गेलं, जेमतेम दोन पुरुष उंचीवरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणी तरी ओरडलं, "मास्तर, गेलं की हो!" मास्तरांनी त्याच्याकडं असं पाहिलं, की तो गर्दीत मागं सरकला. यांतल्या एकालाही कळणार नव्हतं की ते कुणाच्या उतरण्यानं गेलं.

विमान परतलं. आबासाहेब हार घालून घ्यायला उतरले. कमलाकर मात्र सरळ मास्तरांकडं आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"त्या ताई बसल्या असत्या तर..." त्यानं वाक्य अर्धंच सोडलं. "पुढची फेरी तुम्ही तोलायची. कडता नको."

"तिप्पण्णा! लाव काटा!" मास्तर गरजले. "आणि पाच शेर सोडलेस तर हात तोडीन!"

आबासाहेब पुन्हा पुढं झाले. मास्तरांनी त्यांना काट्यावर उभं केलं, वजन माळभर ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं आणि म्हणाले, "हिशेबात बसत नाही. उतरा."

पद्मजाला त्यांनी हाक मारली नाही. ती आपण होऊन काट्यावर येऊन उभी राहिली, बापाकडं न बघता.

"एक मण पाच शेर," तिप्पण्णा म्हणाला. मग घाबरत पुढं म्हणाला, "पुरते, मास्तर. कडता न्हाई सोडला."

"पुन्हा तोल," मास्तर म्हणाले.