पाव गोळी आणि तीन पिल्लं

जानेफळच्या अंगणवाडीत मी इतकी वर्षं पोरांना जंताची गोळी देते आहे, की घरातल्या मांजरीच्या पिल्लांना जंत झाले तेव्हा कोणाला काही विचारावं असं मला वाटलंच नाही. चूक तिथेच झाली.

मांजरीने कूलरच्या रिकाम्या खोक्यात तीन पिल्लं घातली होती. दोन काळी, एक पिवळं. दीड महिन्यात काळी दोन्ही खोक्याबाहेर धुडगूस घालू लागली. पिवळं कोपऱ्यातच बसायचं. पाठीची हाडं मोजता येत होती आणि पोट मात्र टम्म. आईचं दूध पुरत नसेल म्हणून मी रोज वाटीभर म्हशीचं दूध ठेवत होते. एका सकाळी खोक्यातल्या फडक्यावर पातळ घाण दिसली आणि तिच्यात एक पांढरा जंत वळवळत होता.

मेडिकलमधून माणसांची जंताची गोळी आणली. हिशेब मनाशी झालेलाच होता: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धी, म्हणजे पिल्लाला पाव. दोन चमच्यांमध्ये पाव तुकडा चुरला, पाणी घातलं आणि आधी पिवळं उचललं, कारण गरज त्यालाच जास्त होती.

आमच्या अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी चहाला आल्या होत्या. कप हातात धरून बघत होत्या.

"बाई, थांबा न जरा. तुमीच त सांगता, बिमार लेकराले गोळी द्याची नाही म्हणून."

"मावशी, हे लेकरू नाही, मांजर आहे."

"मांजर हाय, पन बिमार हाय का नाही? मान तरी धरते का ते?"

खरोखर मान धरत नव्हतं. आजारी मुलाला गोळी नाही, हे वाक्य मी दर वेळी गोळ्या वाटायच्या आधी आयांसमोर घोकून म्हणते. चमचा मोरीत ओतला. मावशींनी चहा संपवला आणि खोक्यावर फडकं टाकलं.

खोकं घेऊन दोघी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. आमच्या आधी शेळ्या होत्या आणि एक गोऱ्हा. डॉक्टरांनी खोक्यात डोकावून पहिला प्रश्न केला, "ताई, वजन किती?"

दर महिन्याला गावातल्या पोरांची वजनं मी घेते. पिल्लांची घेतली नव्हती.

दवाखान्यातला काटा मोठ्या जनावरांचा, त्यावर पिल्लाचा आकडा हलेना. अंगणवाडीचा काटा मांजरांसाठी नाही. म्हणून कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात गेलो. दुकानदार हसायलाच लागला.

"काय वो बाई, कसे किलो लावले?"

"तुमच्या गोदामात उंदरं किती हायेत ते पाहा, त्या हिशोबानं घ्या," मावशी म्हणाल्या. तो काट्यावर पेपर अंथरू लागला. काळी चारशे ग्रॅमच्या थोडी वर भरली, पिवळं दोनशे साठ.

दवाखान्यात परतल्यावर डॉक्टरांनी माणसांच्या गोळीबद्दल ऐकलं आणि मान हलवली. "बरं झालं दिली नाही." काळ्यांना वजनाप्रमाणे पातळ औषध काढून दिलं. मांजरीलाही द्यायला सांगितलं, नाहीतर तिच्याकडून पिल्लांना पुन्हा जंत होणार. पिवळ्याला मात्र आज काही नाही. आधी हगवण थांबू द्या, म्हशीचं दूध बंद, उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं पाणी थोडं थोडं पाजा, आईजवळ ऊबेत ठेवा, रोज वजन करा. अंग टाकलं तर लगेच घेऊन या.

मला वाट बघणं जमत नाही. पुढचे तीन दिवस मी ड्रॉपरने ते पाणी पाजत काढले. दुसऱ्या दिवशी काटा तिथेच होता. दुकानदारही त्या दिवशी थट्टा करेना. तिसऱ्या दिवशी घाण घट्ट झाली आणि काटा दोनशे पंच्याऐंशीवर गेला.

"चढलं वो बाई!" दुकानदार गिऱ्हाईक सोडून ओरडला.

मग डॉक्टरांकडून नव्या वजनाप्रमाणे पिवळ्याचा डोस आणला. सुईविना सिरिंज गालाच्या बाजूने आत, थेंब थेंब, प्रत्येक थेंब गिळेपर्यंत थांबायचं. मान मागे करायची नाही, नाहीतर औषध श्वासनळीत जातं. ते इतकं दमलेलं होतं, की माझ्या एका तळहातावर निमूट पडून राहिलं. दुसऱ्या सकाळी फडक्यावर शेवयांचा गुंता पडला होता. फडकं जाळलं, खोकं बदललं, हात साबणाने धुतले.

दोन आठवड्यांनी दुसरा डोस द्यायचा होता. पुन्हा वजन, पुन्हा नवं माप. या वेळी पिवळं एका हातात मावेना. मी टॉवेलात गुंडाळलं, मावशींनी पाय धरले, तरी त्याने एक पाय सोडवून घेतला आणि मावशींच्या मनगटावर लांब ओरखडा काढला.

"काऊन बे, माह्यावर काऊन चिडतं?" मनगट नळाखाली साबणाने धूत मावशी हसत होत्या. "बाई, घट्ट धरा, मी येतोच."

मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले.