पोरींना घरी पाठवणाऱ्या सिस्टर

आमच्या वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टरना हळू बोलताच येत नसे. तारापूरजवळच्या मच्छीमार घरातल्या त्या. "होडीवरून किनाऱ्याला हाका मारणारी माणसं आमी, कुजबुजणार कशी?" म्हणायच्या. नर्सिंगला नव्याने आलेल्या आम्ही पोरी त्यांचा आवाज आला की हातातला ट्रे सावरायचो.

चादरीला सुरकुती राहिली तर त्या ओरडत, आणि न खाता ड्युटीवर आलेली पोर दिसली तर त्याहून जास्त. "रिकाम्या पोटी पेशंटला हात लावायचा नाय!"

दुसऱ्या वर्षी माझं सगळंच बिनसलं. सकाळी ड्युटी, दुपारी वर्ग, मग परीक्षेचा अभ्यास. झोप उडाली, केस गळायला लागले. उमरोळीचं माझं घर पालघरच्या आमच्या कॉलेजपासून एकाच स्टेशनावर, तरी महिनोन्महिने गेले नव्हते. त्यातच, वॉर्डातल्या ज्या आजोबांना मी रोज पेज भरवायचे, ते माझ्यासमोर गेले. मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले, शिक्षण सोडायचं ठरवूनच.

सिस्टर आत आल्या, दार लोटलं आणि माझ्याशेजारी गठ्ठ्यावर बसल्या. ओरडल्या नाहीत.

"माझा पहिला पेशंट गेला तवा मी जिन्यात बसून रडलेली," त्या म्हणाल्या. "तुला सोडायचंय ना? सोड. पण जेवून, झोपून ठरव. असं थकून काय ठरवायचं नाय."

तिथून त्या थेट प्राचार्यांकडे गेल्या. हजेरी कमी पडेल, सुट्टी मिळणार नाही, असं बाईंनी सांगितल्यावर सिस्टरांचा आवाज व्हरांड्यापर्यंत आला, "मॅडम, पोरगीच हातची गेली तर हजेरी कुणाची लावणार?"

आठवड्याची सुट्टी मिळाली. बाबा न्यायला आले. घरी आधी मी नुसती झोपले, मग आईजवळ पोटभर रडले आणि शेवटी आपणहून परत आले. त्यानंतर वॉर्डात कुणी दगावलं की सिस्टर शिकाऊ पोरींना चहाला बसवत, एकेकीला बोलतं करत.

आता मी बोईसरच्या एका दवाखान्यात वॉर्ड सांभाळते. सिस्टर निवृत्त झाल्यावर त्यांच्या गावी भेटायला गेले. त्या बोंबील वाळत घालत होत्या. मी आभाराचं बोलू लागले, तसं त्यांनी हातानंच थांबवलं.

"माझं काय घेऊन बसलीस गो? तुझ्या हाताखाली शिकाऊ पोरी हायत ना?"

"आहेत."

"त्यातली गप्प गप्प कोण असते?"

सालवडला घर असूनही महिनोन्महिने हॉस्टेलवरच असणारी एक पोर लगेच डोळ्यांसमोर आली.

"मंग तिला घरी कधी पाठवतेस?"

मी त्या अंगणातूनच तिला फोन लावला.