आईंचे उपवास

अकोल्याहून धाकट्या दिरांचा फोन आला, तेव्हा आयर्लंडमधल्या आमच्या किलकेनीत क्वचित पडते तसे लख्ख ऊन पडले होते. माझ्या नवऱ्याने, श्रीकांतने, फक्त "कधी?" एवढेच विचारले आणि तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून राहिला. माझ्या सासूबाई करोनाने गेल्या होत्या... आम्हाला तिकडे जाणे शक्य झाले नाही. थोरला मुलगा असून श्रीकांतने आईला दिलेला अग्नी फोनच्या पडद्यावर पाहिला.

त्याला आता काही आठवडे झाले. आईंविषयी लिहावे असे वाटते, पण त्यांच्या बोलण्यातला ठसका माझ्या लेखणीत उतरेल असा भरवसा नाही.

२०२०च्या आरंभी त्या आमच्याकडे काही महिन्यांसाठी आल्या. मामंजी जाऊन दोन वर्षे झाली होती. आईंना खाण्याची आणि खिलवण्याची विलक्षण हौस. उपवास त्या महिन्यातून दोनच करीत, दोन्ही चतुर्थ्या. आणि त्या दिवशी साबुदाण्याची उसळ, भगर, बटाट्याची भाजी असा थाट असे. "तुमचा उपवास आहे की सण?" असे श्रीकांतने चिडवले, की म्हणत, "देवानं उपाशी राह्य म्हटलं, बेचव राह्य म्हटलं नाही, बाप्पा!"

मग टाळेबंदी आली, विमाने थांबली. अकोल्याच्या मैत्रिणी, उन्हाळ्यातले पापड, दारावरून जाणाऱ्यांना मारलेल्या हाका... सगळेच तुटले. उन्हाळ्यात आईंनी सोमवार धरला. पुढे गुरुवार, एकादशी, मग रात्रीचे जेवणच सोडले. आवडते लुगडे, "मले आता काय कराचं?" म्हणून माझ्यापुढे ठेवले. पहाटेच उठून अंधारात जपमाळ घेऊन बसत. आपल्या घरांत म्हातारे माणूस असे एकेक सोडू लागले, की आपण हात जोडतो. आम्हीही जोडले. नातेवाइकांना फोनवर कौतुकाने सांगितले, "आईंना विरक्ती आली आहे." मणी पुढे सरकत नाहीत, हे मात्र कुणी पाहिले नाही.

शरद ऋतूत त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या, तेव्हा आम्ही त्यांना डॉक्टरांकडे नेले. तपासण्यांत काही निघाले नाही. "त्या धार्मिक आहेत, उपवास करतात," श्रीकांतने समजावले. मुखपट्टीआडून डॉक्टरबाईंनी शांतपणे विचारले, "उपवास सोडताना त्यांना काय खावेसे वाटते?"

श्रीकांतने तो प्रश्न आईंना सांगितला. आई बांगड्या मनगटाकडे ओढत म्हणाल्या,

"काहीच नाही रे... माह्या तोंडाले चवच नाही. उपास म्हटलं का कोणी आग्रह करत नाही, म्हणून म्हणतो. उजाडलं का वाटते, काहून उजाडलं."

मुलाला ते इंग्रजीत सांगता येईना. मी सांगितले.

उतारवयातले नैराश्य रडतच येते असे नाही, डॉक्टरबाई म्हणाल्या. ते न लागणाऱ्या भुकेतून, पहाटे मोडणाऱ्या झोपेतून, आवडीच्या गोष्टींतून मन उठण्यातून येते, आणि घरच्यांना ते वय वाटते. त्यावर उपचार आहेत. गोळ्या पाहून आई दचकल्या, "म्हंजे मी येडी झाली का व?" "नाही आई, आजारी आहात," मी म्हणाले. त्यांनी माझा हात घट्ट धरला. इतक्या महिन्यांत प्रथमच.

गोळ्यांचा गुण सावकाश आला. मी रोज त्यांना नदीकाठी घेऊन जाई. त्या न बोलता चालत. थंडीतल्या एका चतुर्थीला मी उसळ केली. आईंनी घास घेतला, थांबल्या, माझ्याकडे रोखून पाहिले. "हे साबुदाणे हायेत का छर्रे? अन् कूट टाकाले हात आखडला का व?" मी ओट्याकडे तोंड फिरवले. टीका ऐकून इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

मन ताळ्यावर आले तसे त्यांना अकोला दिसू लागले. विमान मिळताच त्या गेल्या, आणि त्याच उन्हाळ्यात करोनाची दुसरी लाट आली... परत मिळालेली चव त्यांना फार थोडे दिवस लाभली. हे मला सोसत नाही.

परवा संध्याकाळी श्रीकांतने ताट बाजूला सारले. "आज माझा उपवास..." म्हणाला आणि मध्येच थांबला. माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाला, "नाही. भूकच नाही मला."

मी शेगडी बंद केली. त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि विचारले, "कधीपासून?"