गयाबाईनं नाव घेतलं

गयाबाई माझी थोरली जाऊ. आमचं दोघींचं कधी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढे वाचून कुणाला वाटायचं, हिचा मोठा जीव होता जावेवर. काही जीव नव्हता. लग्न होऊन मी वऱ्हाडातल्या वाशीमकडून या घरात आले त्या दिवशी तिनं मला दारातच वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "ही व्हय वऱ्हाडीन? हिच्या हातानं भाकर तरी थापली जाईल का?" तेव्हापासून मी वऱ्हाडीणच. माझं नाव काय, हे तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

तिचं तोंड म्हणजे आग. पाणी भरायला गेली की बाकीच्या बाया आपले हंडे मागं घेत. पण नवऱ्याला हाक मारायची तिची तऱ्हा मात्र सगळ्या गावाला पाठ होती. दुपारी भाकरी झाली की ती उंबऱ्यात उभी राहायची, कमरेवर हात ठेवायची आणि ओरडायची, "आवंऽ, आइकलं का!" आमच्याकडे मेंढ्या होत्या. तिचे मालक, म्हणजे माझे भासरे, त्या चारत कुठेतरी माळावर असायचे. तिकडून उत्तर यायचं, "ओऽऽ". खालून सुरू होऊन शेवटी वर चढणारी ती ओ. एवढ्या भांडकुदळ बाईला इतकी मऊ ओ देणारा नवरा कसा मिळाला, याचं मला फार वाईट वाटायचं. माझे मालक चार हाका मारल्या तरी हूं म्हणत नसत.

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही. नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. आणि भासऱ्याचं नाव धाकट्या भावजयीनं घ्यायचं म्हणजे तर लाजच सोडल्यासारखं. मी आता या वयात लिहिते आहे म्हणून लिहिते, कारण न लिहून पुढे भागणार नाही. त्यांचं नाव नागोराव.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस. आमचं गाव सरहद्दीवरच्या कनेरगाव नाक्याच्या अलीकडे, निजामाच्या हद्दीत. पलीकडे वाशीमला स्वातंत्र्य येऊन गेलं होतं, अलीकडे कुणाला केव्हा धरतील याचा नेम नव्हता. एका संध्याकाळी मेंढ्या घरी आल्या, माणूस आला नाही. कुत्रं तेवढं मागं मागं येत होतं. नाक्यावरून येताना भासऱ्यांना निजामाच्या जवानांनी धरलं होतं. काहून धरलं, ते कुणी सांगेना. माझे मालक भाऊ धरल्याचं ऐकताच वाशीमला माझ्या माहेरी पळाले. गावातला एक पुरुष आमच्यासोबत ठाण्यात यायला तयार होईना. काल ओट्यावर बसून मिशा पिळणारे आज म्हणत, "बाई, आमाले लेकरं हायत." गयाबाईनं त्यांना जे सुनावलं ते इथं लिहिता येत नाही.

म्हणून आम्ही दोघीच निघालो. ती पुढं, मी मागं, मधे चार माणसं सहज चालतील एवढं अंतर. नाक्यावर सगळे ओळखीचे. तिनं विचारलं, "आमच्यावाले कुटं?" जवान म्हणाला, "हिंगोलीच्या ठान्यात नेले." नावाची गरजच पडली नाही. त्यामुळे हिंगोलीला नाव लागेल हे आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नाही.

हिंगोलीच्या ठाण्यात ओसरीवर एक लिहिणारा कारकून बसायचा. कानाला कलम, तोंडात विडा. त्यानं मान वर न करता विचारलं, "किसकू ढूंढते?"

"आमच्या घरचे आनलेत इथं."

"नाम बोल."

गयाबाई गप्प. उभ्या जन्मात मी तिला पहिल्यांदा गप्प पाहिली. मग म्हणाली, "मेंढ्यावाले. कनेरगावकडचे. उंच हायत. कपाळावर वण हाय."

कारकून हसला. शेजारच्या जवानाला म्हणाला, "देखो, कपाल का दाग लिखूं क्या बही में?" मग आमच्यावर खेकसला, "नाम नहीं तो आदमी नहीं. चलो!"

बाहेर आलो. मी म्हणाले, "घ्या ना नाव. बायको तुमी हाव."

"अन् आयुष्य कमी करू त्याचं? तू घे."

"भासऱ्याचं? माझी जीभ झडंल."

"तुझी झडली तर गाव साखर वाटंल," ती म्हणाली. हे भर रस्त्यात, ठाण्यासमोर, नवरा आत असताना. सांगा, कसं पटायचं असल्या बाईशी?

मोंढ्यात हळदीची पोती उचलणाऱ्या एका हमालाला आम्ही हात जोडले, आमच्या माणसाचं नाव तेवढं आत येऊन बोल. त्याला नाव सांगायचं कसं, हाही पुन्हा प्रश्नच होता. पण ठाणं म्हणताच तो पोतं टाकून सटकला. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर कारकुनानं नुसता हात हलवला, "औंढा देखो. उधर होगा." तडक औंढ्याला गेलो. तिथला शिपाई बरा निघाला. म्हणाला, "नाक्यावर धरलेलं मानूस इकडं येतच न्हाई, माय. हिंगोलीतच हाय." नागनाथाच्या दारावरून गेलो तरी गयाबाई आत गेली नाही. बाहेरूनच देवाला म्हणाली, "तू बी गप्पच बस." मी घाईघाईनं तिच्या वाटचाही नमस्कार करून घेतला.

हिंगोलीला तिसऱ्यांदा गेलो तो बाजाराचा दिवस होता. आम्हाला पायरीवर पाहताच कारकून उखडला. बसल्या जागेवरून ओरडला, "फिर आ गई? कितने बार बोला, नागोराव इधर नहीं है!"

मी गयाबाईकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. लग्न होऊन आल्यापासून असं सरळ आम्ही एकमेकींकडे पाहिलं नव्हतं.

ती अगदी हळू बोलली. "नाव कोनी सांगितलं तुमाले?"

कारकुनाचं चावणं थांबलं.

"मी न्हाई घेतलं. हिनं न्हाई घेतलं. मंग नागो..." तिनं जीभ चावली. "मंग ह्ये नाव तुमच्या तोंडात कोनी घातलं? त्यानंच ना? आत हाय तो!"

"बाहर निकालो इनकू!" कारकून उभा राहिला. दोन जवानांनी आम्हाला पायऱ्यांवरून खाली ढकललं. माझं कोपर फुटलं. गयाबाई पडली नाही. पदर खोचून ठाण्याच्या मागच्या अंगाला गेली. तिथं हवालातीची भिंत रस्त्याला लागून होती, वर हाताएवढी खिडकी. रस्त्यानं बाजाराचं माणूस चाललेलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली, उंबऱ्यात राहायची तशीच, आणि ओरडली, "आवंऽ, आइकलं का!"

आतून एकदम कितीतरी ओ आल्या. जाड्या, बारक्या, घोगऱ्या. कुणाची बायको आणखी कशी हाक मारणार? आतल्या प्रत्येकाला वाटलं, आपलीच आली. रस्त्यावरचे लोक जागच्या जागी थांबले. ठाण्यात म्हणे माणूसच नव्हता, आणि भिंत तर ओरडत होती! त्या ओरडण्यात आपल्या माणसाची ओ कोणती, ते गयाबाईलाही कळेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, हो म्हणून की नको म्हणून, ते अजून मला सांगता येत नाही.

मग तिनं डोळे मिटले आणि नाव घेतलं. "नागोराऽव!"

आत सगळं शांत झालं. आणि मग ती ओ आली, खालून सुरू होऊन वर चढणारी. मी रस्त्यात बसले.

त्यानंतर आत एक माणूस ओरडला, आपलं नाव आणि गाव. त्यामागं दुसरा. मग सगळेच सुरू झाले, माझ्या घरी सांगा, माझ्या भावाला सांगा. आत दांडके वाजायला लागले, पण तोवर बाजारानं ऐकलं होतं. जो तो आपल्या वाटेवरच्या गावच्या माणसाचं नाव ध्यानात ठेवून निरोप द्यायला निघाला. दुसऱ्या दिवशी ठाण्यासमोर बायांची ही गर्दी. शेवटी वरच्या साहेबानं सगळी नावं बहीत लिहायला लावली. कारकुनानं ती लिहिली तेव्हा गयाबाई समोर उभी राहून म्हणाली, "बराबर लिवा. खाडाखोड केली तर पुन्हा वरडीन." परत येताना मी म्हणाले, "भारी केलंत." तर म्हणते, "तू पुढं चाल, पाय वढून राहिली नुसती."

राज्य बदललं तेव्हा भासरे सुटून आले. पण येताना खोकला घेऊन आले. आत काय काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. माळावर जाणं बंद झालं, ओसरीवरच बसून असायचे. पुढची हळद निघायच्या आत गेले.

अंगणात त्यांना निजवलं होतं. सगळा गाव जमला, ते मिशा पिळणारेसुद्धा. आमची एक चुलत सासू होती, ती गळा काढून म्हणाली, "भर बाजारात नाव घेतलंस गं बाई! खाल्लंस त्याचं आयुष्य!" बाया माना हलवायला लागल्या. मी गयाबाईकडे पाहिलं. आता ही म्हातारीला फाडून खाणार. पण ती मान खाली घालून बसली होती. तिला ते खरं वाटत होतं.

माझं डोकंच फिरलं. हवालातीनं मारलेला माणूस, आणि पाप हिच्या माथी? मी ओरडले, "तिनं न्हाई घेतलं! नाव मी घेतलं. बाजारात वरडली ती मी!"

गयाबाईनं मान वर केली.

"ह्या वऱ्हाडनीच्या तोंडातून निघंल व्हय नाव?" ती म्हणाली. "तिच्यात तेवढा दम न्हाई. मीच घेतलं. त्याले मारून टाकून राहिले व्हते, म्हनून घेतलं. आता कमी व्हायले काय राहिलं?"

ती उठली. कमरेवर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर, त्या दिवसाइतक्याच मोठ्यानं हाक मारली, "नागोराऽव!"

हाकेमागून ओ यायची, सवयच ती. सगळं अंगण थांबलं, चुलत सासूसुद्धा. मीही माळाकडे कान लावले.

मग गयाबाईचे हात कमरेवरून गळाले. मी धरायला गेले तर म्हणाली, "सरक, वऱ्हाडने," आणि माझ्याच खांद्यावर तोंड दाबून रडायला लागली. नवरा गेल्यापासून तोवर ती रडली नव्हती.